एकशे चोवीस मिलिमीटर

मी भित्री बाई नाही. उद्यमनगरात, ओतकामाच्या कारखान्यांत वाढलेली आहे मी. वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना दहा पावलांवर उभी राहून भजी खाल्लेली आहेत, आणि भावकीच्या भांडणात चार पुरुषांच्या मध्ये पडून चौघांनाही गप्प केलेलं आहे. पण मी आखलेलं हाड ज्या सकाळी कुणाच्या तरी अंगात बसवायचं असतं, त्या सकाळी माझ्या घशाखाली घोट उतरत नाही. चहासुद्धा नाही. नवरा आता काही विचारतही नाही. मी ताटली सरकवली की म्हणतो, "आज कुणाचं तरी हाय वाटतं."

काय करते ते आधी सांगते, कारण आमच्या सासरकडच्या लोकांना अजून वाटतं की मी एक्स-रे काढते. हाडात कॅन्सर झाला की डॉक्टर हाडाचा तेवढा भाग काढून टाकतात. मोकळ्या झालेल्या जागेत काहीतरी बसवावं लागतं, नाहीतर माणूस उभा कसा राहणार? तयार मिळणारे भाग सगळ्यांना चालत नाहीत, कारण गाठ काही माप बघून वाढत नाही. मग त्या एका माणसाच्या स्कॅनवरून, त्या एकाच जागेसाठी, टायटॅनियमचा तुकडा आखायचा आणि थ्रीडी प्रिंटरवर छापून घ्यायचा. त्याला इम्प्लांट म्हणतात. छापणारे परगावचे आहेत. धातूच्या पिठाचे बारीक थर एकावर एक वितळवून ते तुकडा उभा करतात. बसवणार डॉक्टर. आखायचं काम माझं. आणि तो तुकडा अंगात घेऊन जन्मभर चालायचं काम त्या माणसाचं.

मूळचं आमचं दुकान पॅटर्नचं. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा नमुना. तो वाळूत दाबला की ठसा उठतो आणि त्या ठशात धातू ओततात. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, सागवान तासून पॅटर्न करायचे. स्टीलच्या व्हॉल्व्हचे पॅटर्न करावेत तर आण्णांनीच, असं फौंड्रीवाले म्हणायचे. मी इंजिनिअर होऊन आले आणि तेच काम संगणकावर करायला लागले. मग एक दिवस हाडांच्या कॅन्सरचे एक डॉक्टर प्लास्टिकचं मांडीचं हाड काखोटीला मारून दुकानात शिरले आणि म्हणाले, "पंपाच्या आतला वाकडातिकडा आकार तुम्ही काढता, मग हाडाचा का नाही निघणार?" माझ्या अंगात तेव्हा रग होती. मी हो म्हणाले. दोन वर्षं शिकले, डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून शिकले, आणि मग कुठं पहिलं काम हातात घेतलं.

आण्णांना हे कधी पटलं नाही. "पंप गळला तर माघारी येतोय," ते म्हणाले होते, "माणूस कुठनं माघारी यायचा?" पुढं त्यावर ते काही बोलले नाहीत. पण माझ्या कुठल्याही हाडाला त्यांनी बोट लावलं नाही, की बरं झालंय असं कधी म्हणाले नाहीत.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथंच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. शंभर मिलिमीटरचा भाग हवा असेल आणि पॅटर्नही शंभरचाच केला, तर भाग अठ्ठ्याण्णवचा निघणार. म्हणून पॅटर्न मुळातच मोठा करायचा. स्टीलला शेकडा दोन वाढ. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. दिसायला साधी स्टीलची पट्टी, पण तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा किंचित लांब. तिच्यावर शंभर मोजलं की खरे एकशे दोन भरतात. आम्ही तिला वाढीची पट्टी म्हणतो. संगणक आल्यावर पट्टीची गरज संपली. फाईल बाहेर काढताना वाढीच्या चौकोनात एक खूण असते, तेवढ्यानं भागतं. आमच्या दुकानाच्या संगणकावर ती खूण कायमची लावलेली होती. हाडांना वाढ लागत नाही, म्हणून हाडांसाठी मी वेगळा संगणक ठेवला होता.

ती आली तेव्हा उसाचा हंगाम भरात होता. जयसिंगपूरची, एसटीत कंडक्टर. वय चौतीस, केमोमुळं केस गेलेले, डोक्याला गच्च रुमाल, आणि आवाज असा की खालच्या लेथवरचा माणूस वर बघायला लागला. पेशंट आमच्याकडं सहसा येत नाहीत, डॉक्टर नुसतं स्कॅन पाठवतात. पण ही हटूनच बसली होती म्हणे. "शिंप्याला बघितल्याबिगर मी झंपरचं माप देत न्हाय," असं तिनं डॉक्टरांना ऐकवलं होतं. बरोबर नवरा. शांत, म्हशी राखणारा माणूस, हातात डब्याची पिशवी.

मी तिला पडद्यावर तिचं हाड दाखवलं. उजव्या कमरेचं हाड, खुब्याची वाटी आणि वाटीच्या वर ती गाठ. मांडीचं हाड ज्या वाटीत फिरतं, तिला जवळजवळ टेकलेली. तिनं खुर्ची पुढं ओढली.

"कणसाला काणीचा रोग धरल्यागत दिसतंय की ओ," ती म्हणाली.

"तसंच."

"आणि एवढं समदं काढणार?"

"एवढं. इथून इथपर्यंत." मी बोटानं दाखवलं. "एकशे चोवीस मिलिमीटर. ह्या जागेत मी करते तो तुकडा बसणार. वाटीसकट."

तिनं वितीनं पडद्यावरचं अंतर मोजल्यासारखं केलं. मग म्हणाली, "हे बघा मॅडम, मला बसून काम न्हाय. मला उभं ऱ्हायाला पायजे. गाडी हालतीय, माणसं खच्चून भरल्यात, आन् म्या त्यातनं मागनं फुडं जातीया. असं हाड करा."

मी हसले. "करते," म्हणाले. किती सहज म्हणाले मी.

ते दोघं जिना उतरत असताना डॉक्टरांचा फोन आला. "केमोनं गाठ थांबलीय," ते म्हणाले. "थांबलीय, गेली नाही. स्कॅनपासून तीन आठवड्यांत मला तिला टेबलावर घ्यायचंय. त्याच्यापुढं तुमचं माप शिळं. आणि गाठीच्या मागून पायात उतरणारी मोठी नस आहे. आज ती मोकळी आहे. ती मोकळी आहे तोवर तिचं पाऊल उचलणार, हे लक्षात ठेवा."

मी ते फळ्यावर लिहिलं. वर १२४, खाली तीन आठवडे.

त्या कामात मला किती गोष्टींची भीती वाटायची, सांगू? डाव्या बाजूचं हाड निरोगी होतं. ते आरशात उलटं करावं तसं उलटायचं आणि त्यावरून उजव्या बाजूचा आकार काढायचा. उलटताना डावं-उजवं चुकलं तर? म्हणून मनगटावर पेनानं 'उजवं' लिहून बसायची. स्क्रूचं टोक नसेकडं गेलं तर? प्रत्येक स्क्रू दहा बाजूंनी फिरवून बघायची. घरी भाजी चिरताना हात थांबायचा आणि वाटायचं, तिसरं भोक बघितलं का आपण? मग स्कूटर काढून परत दुकान. घरून, कसबा बावड्यातून, उद्यमनगरात जाऊन भोक बघून यायचं, ते बरोबरच असायचं. ज्या ज्या गोष्टीला भ्याले, ती ती बरोबर निघाली. आणि जिला भ्याले नाही, ती...

असो. क्रमानं सांगते.

आखणी झाली त्या आठवड्यात माझा हाडांचा संगणक बंद पडला. दुरुस्तीवाला चार दिवस म्हणाला. चार दिवस कुठून आणायचे? मी काम उचलून दुकानाच्या संगणकावर नेलं आणि तिथून तीन फाईल काढल्या. एक, तिच्या हाडाची प्रतिकृती. दोन, हाडावर ठेवून करवत कुठं चालवायची ते दाखवणारा कापायचा साचा. तीन, इम्प्लांट. पहिल्या दोन आमच्याकडंच प्लास्टिकमध्ये छापल्या. इम्प्लांटचीही एक प्लास्टिकची जोडप्रत माझ्यापुरती छापली. तिसरी फाईल परगावी गेली. छापणारे फाईल येते तसं छापतात, त्यांना काय माहीत कुणाचं हाड आहे.

टायटॅनियमचा तुकडा आला. करडा, एका बाजूनं जाळीदार, हाडानं त्यात शिरून धरावं म्हणून. मी तो प्रतिकृतीवर ठेवला. टक् असा आवाज झाला आणि बसला. केसभर फट नाही. डॉक्टरांनी येऊन हातात घेऊन हलवून बघितला, हलेना. "वा," म्हणाले. आम्ही दोघंही खूश. मी व्हर्नियर लावून नेमकं माप घेतलं नाही. पॅटर्नच्या धंद्यात हीच रीत आहे, जोडीचे दोन भाग एकमेकांत बसले की मोजत बसायचं नाही, बसलं म्हणजे बरोबर. लहानपणापासून हेच बघितलेलं. तुकडा निर्जंतुक व्हायला गेला.

ऑपरेशनच्या दिवशी घरात बसवेना म्हणून साडेसातलाच दुकानात गेले. ऑपरेशन आठला होतं. आण्णा नेहमीसारखे देवाला उदबत्ती लावायला आलेले. उदबत्ती लावून झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि, काय त्यांच्या मनात आलं देव जाणे, त्यांनी ती प्लास्टिकची जोडप्रत उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उलटीपालटी करून बघितली, बोट फिरवलं, फळ्याकडं बघितलं. सदऱ्याच्या खिशातली पट्टी काढून लावली, पुन्हा लावली.

"एकशे चोवीस," ते म्हणाले. "हिकडं न्हाय का तिकडं न्हाय. पोरी, मानलं तुला."

आण्णांनी मला आयुष्यात कधी मानलं नव्हतं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. आणि त्या पाण्यातून मला त्यांच्या हातातली पट्टी दिसली. कडा झिजलेली, मधोमध एस अक्षर ठोकलेलं. स्टीलची. वाढीची.

त्या पट्टीवर एकशे चोवीस भरत असतील, तर खरे किती?

मी त्यांच्या हातातून तुकडा जवळजवळ हिसकावला आणि व्हर्नियर लावला. एकशे साडेसव्वीस. पुन्हा लावला. एकशे साडेसव्वीस. प्रतिकृती ओढून घेतली, तीही मोठी. साच्याची एक कच्ची प्रत पडली होती, तीही. दुकानाच्या संगणकावरची ती खूण. स्टीलची वाढ. मी ती काढलीच नव्हती. हाड, साचा, इम्प्लांट, तिन्ही शेकडा दोननं मोठी. एकमेकांत चपखल बसणारी. आणि एकही तिच्या अंगात न बसणारं.

"कशाला ती पट्टी खिशात घालून हिंडताय अजून!" मी आण्णांवर ओरडले. काय कारण होतं त्यांच्यावर ओरडायचं? त्यांच्या पट्टीनंच तर चूक पकडली होती. त्यांना एका क्षणात सगळं कळलं. चेहरा राखेसारखा झाला. "जा," एवढंच म्हणाले. "फोन लावत लावत जा."

डॉक्टरांचा फोन बंद. ऑपरेशन थिएटरचा नंबर लागतच नव्हता. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं. स्कूटर कशी सुरू केली आठवत नाही. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि बावड्याच्या रस्त्याला वळले तर पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, इकडून घुसायला जागा नाही, तिकडून नाही. मी हॉर्न दाबूनच धरला. "बाजूला घे की! मरतंय कुणीतरी!" ट्रॅक्टरवाल्यानं मान वळवून बघितलं. "बाई, ऊस हाय ह्यो, उडायला इमान न्हाय," म्हणाला. मी त्याला जी शिवी दिली ती माझ्या आईनं ऐकली असती तर जेवायला घातलं नसतं. पण ती ऐकल्यावर त्यानं चाक खरंच रस्त्याखाली घातलं.

सगळा वेळ डोक्यात एकच. कापलं असेल का? कातडी कापली असेल तर शिवता येते. हाड कापलं असेल तर संपलं. एकशे चोवीसच्या जागेत एकशे साडेसव्वीस ठोकून घातलं तर उरलेलं हाड तडकणार. आणि साचाच मोठा असेल, तर करवत तरी कुठं चालली असेल? गाठीतून? त्या नसेवरून? मी मोठ्यांदा बोलत होते, "नको, नको, अजून नको."

थिएटरबाहेर तिचा नवरा बाकावर बसला होता. मला बघून उभा राहिला. "ताई, आलासा? लई बरं झालं. जीव नुसता टांगणीला लागलाय बघा." मी त्याच्याकडं न बघता बेल दाबली. दाबतच राहिले. सिस्टर बाहेर आल्या त्या चिडूनच.

"डॉक्टरांना सांगा, साचा लावू नका," मी म्हणाले. "काहीच लावू नका. सगळं मोठं आहे. दोन टक्क्यांनी. माझी चूक आहे."

शेवटचे तीन शब्द मी हळू बोलायला हवे होते, पण आमच्यात हळू बोलायची सवय कुणाला. माझ्या पाठीमागं नवरा उभा होता.

दार बंद झालं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला त्या दारावरचे ओरखडे अजून आठवतात. मग डॉक्टर बाहेर आले, टोपी तशीच, हातमोजे काढलेले. रागावले नव्हते, ते त्याहून वाईट.

"साचा हाडावर ठेवला होता," ते म्हणाले. "डुलत होता. मला वाटलं स्नायूचा धागा अडकलाय. दाबून बसवणारच होतो."

"हाड?"

"नाही कापलं."

ते पुढं म्हणाले, "आता दोन वाटा. आज गाठ काढून टाकायची आणि जागा रिकामी सोडायची. पाय राहील, पण नुसता लोंबता. नाहीतर शिवून टाकायचं, नवं स्कॅन, नवा तुकडा, पंधरा दिवस. आणि गाठ आत. जखम भरेपर्यंत मी तिला केमोही देऊ शकत नाही." त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "ती झोपलेली असताना तिच्या पायाचा निकाल मी लावणार नाही. शिवतोय मी."

नवऱ्यानं विचारलं, "म्हंजे ती गाठ आतच हाय अजून?"

"हो."

तो बाकावर बसला आणि डब्याची पिशवी मांडीवर घेतली. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. चार लोकांत माझी लाज काढली असती तरी चाललं असतं मला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "छपाईत दोष निघाला, असं मी तिला सांगतो. तुम्ही यात पडू नका. तिला आता धीराची गरज आहे." खरं सांगते, मला ते हवंच होतं. त्यांचे पाय धरावेत असं वाटलं. पण नवऱ्यानं सगळं ऐकलेलं होतं. आज ना उद्या तो तिला सांगणारच. त्याच्या तोंडून तिला कळेल आणि मी तिथं नसेन, ह्याची भीती मला जास्त वाटली. म्हणून गेले. मोठेपणाबिठेपणा काही नाही त्यात.

ती उशाला टेकून पडली होती, कमरेला जाड पट्टी. मला बघून हसली. "झालं न्हवं?" म्हणाली. "ह्ये काय बोलंनात. नुसतं पानी प्या म्हणत्यात."

"नाही झालं," मी म्हणाले.

आणि सांगितलं. वाढ, खूण, तीन फाईल, सगळं. तिनं एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर तिनं पट्टीवर हात ठेवला, हळूच, तापलेल्या तव्याला हात लावून बघावा तसा.

"म्हंजे ती हितंच हाय."

"होय."

"आणि नवं हाड कवा?"

"पंधरा दिवस. जास्तीत जास्त."

"तवर ही वाढणार?"

मला खोटं बोलायचं होतं. देवाशपथ, तोंडापर्यंत आलं होतं. "वाढू शकते," मी म्हणाले.

आतापर्यंत मॅडम, अहो-जाहो करणारी ती बाई एकदम म्हणाली, "मग हितं काय बसलीयास? ऊठ. जा की कामाला!"

मी उठले. जिन्यात रडले आणि कामाला गेले.

ते पंधरा दिवस मी नीट सांगू शकत नाही. नव्या स्कॅनमध्ये एकशे चोवीस पुरत नव्हतं. वरची कापायची रेघ सरकून माप एकशे एकतीस झालं होतं, आणि मागं, जिथं आधी काळी मोकळी फट दिसायची, तिथं गाठ नसेला जाऊन टेकली होती. मी ती फट पडद्यावर मोठी करकरून शोधत बसायची, जणू मी शोधली तर सापडेल. खुणेचा तो चौकोनच संगणकावरून काढून टाकायला लावला. प्रत्येक माप तीन जणांनी तीन व्हर्नियरनी घेतलं, मी लिहिलेलं न बघता. तिसरे आण्णा होते. ते सकाळी यायचे, मोजायचे, आकडा कागदावर लिहून कागद पालथा घालायचे. मी त्यांची माफी मागायला गेले तर म्हणाले, "ती बाई कशी हाय ते सांग." रोज हेच विचारायचे.

दुसरं ऑपरेशन पावणेसात तास चाललं. मी नवऱ्याच्या बाकावर, मध्ये एक जागा सोडून बसले. दुपारी त्यानं डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली आणि भिंतीकडं बघत खात राहिला. माझ्या घशातून काही उतरत नव्हतं, पण ती भाकरी मी खाल्ली. नाही कशी म्हणणार?

डॉक्टर बाहेर आले. "बसलं," म्हणाले. "अगदी बसलं." नवऱ्यानं हात जोडले. मग ते माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "नसेतला एक भाग मात्र कापून टाकावा लागला."

आठ महिन्यांनी ती दुकानात आली. दर तीन महिन्यांनी होणारी तपासणी होती, स्कॅन स्वच्छ निघालं होतं. मी पडद्यावर बघत होते आणि जिन्यात पावलं वाजली. एक नेमकं, एक घासत. नेमकं, घासत. कोण आहे हे ती वर यायच्या आधीच मला कळलं. केस आले होते, कानापर्यंत, कुरळे. हातात काठी. उजव्या पायाला घोट्यापासून प्लास्टिकचा आधार बांधलेला. चप्पल दाराशी काढून ती आत आली, खुर्चीत बसली आणि आधी पाणी मागितलं.

"डेपोत बसवलंय मला," ती म्हणाली. "टेबलावर. पासं काढून देती पोरांस्नी." मग काठी टेबलाला टेकवून, "गाडीवर न्हाय घेत. पाऊल उचलत न्हाय ते, पायरीला अडकतंय."

मी मान हलवली.

"एक इचारू?" ती म्हणाली. "डॉक्टर काय नीट बोलंनात, म्हणून तुमाला इचारती. पयल्या डावाला झालं असतं, तर ह्ये पाऊल उचललं असतं का?"

याच प्रश्नाला मी आठ महिने भीत होते. रस्त्यात एसटी दिसली तरी भ्यायची. आणि ती समोर बसून, पाणी पिऊन, तिकिटाचे सुटे विचारावेत तशा आवाजात विचारत होती.

"व्हय," मी म्हणाले. "बहुतेक उचललं असतं."

तिनं फुलपात्र टेबलावर ठेवलं, काठी घेतली आणि उठली. मी मागोमाग दारापर्यंत गेले. तिनं डावी चप्पल घातली. उजवं पाऊल चपलेशी नेलं तर ते पट्ट्याला लागून बाजूला घसरलं. पुन्हा नेलं, पुन्हा घसरलं. मी खाली बसले आणि चप्पल धरायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझं मला जमाय पायजे."

मी हात मागं घेतला. चौथ्या वेळी पाऊल आत गेलं.